अमृतसरचे तंबू

फाळणीत पैसा, पोलीस आणि फायली वाटल्या गेल्या, तसे मनोरुग्णही वाटले गेले. 1950 मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण भारतात आणले, इकडचे मुस्लिम रुग्ण तिकडे पाठवले. आलेल्यांपैकी अनेकांची रवानगी अमृतसरच्या मनोरुग्णालयात झाली. तिथे आधीच गर्दी होती.

तेव्हा कायदा होता 1912 चा. रुग्णाला सहसा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने दाखल करायचे, आणि एकदा तो आत गेला की घरच्यांचा संबंध बहुधा संपलाच. अमृतसरचे प्रमुख डॉ. विद्या सागर यांनी नेमकी हीच रीत मोडली. त्यांनी लष्कराकडून तंबू मिळवले, ते आवारात ठोकले आणि रुग्णाबरोबर नातेवाइकांनाही राहायला बोलावले. रुग्णाला जेवू घालणे, अंघोळ घालणे, त्याच्या शेजारी बसणे हे सगळे घरचेच करू लागले. शिवाय डॉक्टर नातेवाइकांना एकत्र जमवून हा आजार काय असतो ते समजावत.

रुग्ण लवकर बरे होऊन घरी परतू लागले. याचा असा उपयोग का झाला असेल? बंद वॉर्डात वर्षानुवर्षे राहिलेला माणूस आजाराखेरीज आणखी एका गोष्टीने खचतो: स्वतःचे निर्णय घ्यायची, कामाची, बोलण्याची सवयच मोडते. तंबूत ती मोडायला वेळच मिळत नव्हता. दुसरे म्हणजे, भ्रमात बरळणारा आपला मुलगा उपचाराने हळूहळू ताळ्यावर येताना आई रोज पाहत होती. पुढे त्याला घरी न्यायला ती घाबरणार नव्हती.

पण सगळे श्रेय तंबूंना देणे मला पटत नाही. 1952 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमझिन मनोरुग्णांवर वापरून पाहिले, आणि काही वर्षांतच भ्रम व भास आटोक्यात आणणारे हे औषध जगभर पोचले. गुण औषधाचा किती आणि आईचा किती, हे त्या काळाकडे पाहून वेगळे काढता येत नाही.

शिवाय घर म्हणजे नेहमीच औषध असते असेही नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना उलटेच चित्र दिसले. सतत टोचून बोलणाऱ्या किंवा अति काळजी करणाऱ्या घरात परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या (भ्रम आणि भास होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या) रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटत होता. घरातले हे वातावरण मोजायची पद्धत पुढे तयार झाली. तिचे नाव ‘एक्सप्रेस्ड इमोशन’. 1987 मध्ये चंदीगडच्या कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथे असे टोचरे वातावरण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. आपल्याकडे रुग्ण तुलनेने चांगले सावरतात, त्याचे एक कारण हे असावे, असे संशोधकांनी मांडले.

नातेवाइकांना सोबत ठेवण्याची पद्धत तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही अवलंबली, आणि आज भारतातल्या अनेक मनोरुग्ण विभागांत ती सरसकट दिसते. एका अर्थी ती सोयीचीही आहे: परिचारिका कमी असल्या तरी वॉर्ड चालतो, आणि तो भार बहुतेक वेळा घरातली बाई उचलते. याची चर्चा फारशी होत नाही.

आणि ज्यांना न्यायला कोणी येतच नाही, त्यांचे काय? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार केवळ कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी समाजात राहण्याची सोय, म्हणजे हाफवे होमसारखी घरे, सरकारने उभारायची आहेत. तशी घरे अजून थोडी आहेत, त्यामुळे बरी झालेली कितीतरी माणसे आजही वॉर्डातच आहेत.