सौरवादळ आणि भूकंपमापकाची स्प्रिंग

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेहून आकाशात तांबडी आभा दिसली आणि तिचे फोटो सगळीकडे फिरले. २००३ नंतरचं ते सर्वांत जबर सौरवादळ, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या माऱ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडालेली खळबळ. अशी वादळं भूकंपमापकाच्या नोंदीतही उमटतात, आणि तेव्हा जमीन तसूभरही हललेली नसते. सूर्यामुळे भूकंप होतात, असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी जरूर ध्यानात घ्यावं.

हे घडतं मुख्यतः स्प्रिंगमुळे. ब्रॉडबँड भूकंपमापकात, म्हणजे वेगवान आणि संथ अशी दोन्ही कंपनं टिपणाऱ्या यंत्रात, एक वजन स्प्रिंगवर तोललेलं असतं. जमीन हलली की ते सरकू पाहतं. त्याच क्षणी कॉइलमधून वीजप्रवाह सोडून त्याला जागच्या जागी धरलं जातं. त्यासाठी किती जोर लागला, तीच नोंद. उन्हाथंडीने स्प्रिंगचा ताण बदलून चालत नाही, म्हणून ती लोखंड-निकेलच्या खास मिश्रधातूची करतात. नेमका हाच मिश्रधातू चुंबकाला दाद देतो! आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास असतं. मोठ्या वादळात ते काहीशे नॅनोटेस्लांनी खालीवर होतं. त्याने वजनाला बसणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या एक कोट्यंशाहूनही कमी, तरी यंत्र ती टिपतं. जमीन हलली की चुंबकाने ओढलं, हे त्याला कळायला मार्गच नाही.

जवळच्या भूकंपाची नोंद याने बिघडत नाही. तिथे सेकंदाला अनेक कंपनं असतात, वादळाचे चढउतार मिनिटामिनिटांचे. अडचण होते ती पृथ्वीची अतिसंथ आंदोलनं अभ्यासणाऱ्यांची. २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर अख्खी पृथ्वी थरथरत राहिली होती. त्यातल्या सर्वांत संथ आंदोलनाचा एक हेलकावा तब्बल ५४ मिनिटांचा.

नोंद भूकंपाची की वादळाची, हे वेळेवरून ओळखता येतं. भूकंपाची पहिली लाट पृथ्वीच्या पलीकडे पोचायला सुमारे २० मिनिटं घेते, वादळाचा झटका मात्र दूरदूरच्या केंद्रांवर जवळपास एकदमच दिसतो. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट वेधशाळेचे थॉमस फोर्ब्रिगर यांनी २००७ मध्ये उपायही दाखवला: शेजारी चुंबकमापी ठेवायचा आणि त्याच्या नोंदीच्या प्रमाणात भूकंपमापकातला खोटा भाग वजा करायचा. यंत्राला पर्मलॉयचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचं, कवच घालणं हा दुसरा मार्ग.

आपल्या कुलाबा वेधशाळेची अडचण याच जातीची होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, त्यांच्या वीजप्रवाहाने बिघडू नयेत म्हणून, तिथल्या चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवाव्या लागल्या.

अलास्कात तर संशोधकांनी हा दोष कामाला लावायचं ठरवलं. तिथे चुंबकमापी मोजकेच होते, भूकंपमापक मात्र पुष्कळ, तेही तेव्हा साधारण ८५ किलोमीटरच्या अंतराने. त्यामुळे सौरवादळाचा जोर कुठे किती होता, हे आता भूकंपाच्या नोंदींतूनही वाचता येतं.