सगळे एकसारखे असले की गुन्हे कमी होतात का?

एक भाषा, एक धर्म, एक वंश असला की लोकांचा एकमेकांवर भरवसा जास्त आणि गुन्हे कमी, असं नेहमी ऐकायला मिळतं आणि पाठोपाठ जपानचं उदाहरण येतंच. जपानमध्ये खून खरंच फार कमी होतात. पण मग मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचं काय? तिथेही जवळपास सगळे स्पॅनिश बोलणारे, बहुतेक ख्रिश्चन, बहुतेक मिश्र वंशाचे, आणि तरी २०१५ मध्ये दर लाख लोकांमागे १०० च्या वर खून झाले. उलट सिंगापूरमध्ये चिनी, मलय, तमिळ एकाच बिल्डिंगमध्ये राहतात आणि खून अगदी नगण्य.

मला वाटतं आपण भरवसा आणि गुन्हे ह्यांची गल्लत करतो. भरवशाचं म्हणाल तर अमेरिकेत राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट पुटनम यांनी साधारण ३०,००० लोकांच्या सर्व्हेवरून २००७ मध्ये मांडलं की वस्ती जितकी मिश्र तितका शेजाऱ्यांवरचा भरवसा कमी, आणि आपल्याच वंशाच्या लोकांवरचासुद्धा कमी! हे आवडो न आवडो, झटकून टाकता येत नाही. २०२० मध्ये अशा ८७ अभ्यासांचा एकत्र आढावा झाला, त्यातही परिणाम दिसला, फक्त तो छोटा होता आणि सगळ्यात जास्त शेजाऱ्यांच्या बाबतीत.

गुन्ह्यांचं गणित वेगळंय. शिकागोत ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ लोकांना विचारलं होतं, की पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर टवाळक्या करत असतील, कोणी भिंतीवर रंग फासत असेल, तर इथले लोक मध्ये पडतील का? १९९७ मध्ये निष्कर्ष आले. जिथे लोक "हो, पडतील" म्हणाले आणि एकमेकांवर विश्वास होता तिथे हिंसा कमी, गरिबी वगैरे सगळं हिशोबात धरूनही. आता गरीब वस्त्यांत, सतत भाडेकरू बदलणाऱ्या वस्त्यांत आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांतही ही एकजूट कमीच होती, म्हणजे तिथे हिंसा जास्त असणार असं कुणालाही वाटेल. पण त्याच शहरातल्या तरुणांवर २००५ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की बाहेरच्या देशातून स्वतः आलेल्या पहिल्या पिढीतल्या मुलांनी हिंसा करण्याची शक्यता तिसऱ्या पिढीपेक्षा जवळपास ४५ टक्के कमी होती.