खाणे वेगळे, पिणे वेगळे: ‘अमेरिकन प्लॅन’ आणि ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’

जळगाव, धुळे किंवा भुसावळहून मालदीवला निघालेल्या कुटुंबाला बुकिंग कसले केले आहे असे विचारले, की हमखास एकच उत्तर मिळते: ‘सगळे त्यात आले.’ हातातल्या कागदावर मात्र ‘एपी’ ही दोन अक्षरे असतात, आणि एपी म्हणजे सगळे नव्हे. ही चूक एजंट करतात, आधी जाऊन आलेले नातेवाईक करतात, प्रवासाचे व्हिडिओ करणारे तर ती छातीठोकपणे करतात. आणि तिची भरपाई खोली सोडताना काउंटरवर डॉलरमध्ये करावी लागते.

अमेरिकन प्लॅन म्हणजेच एपी आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. केरळ किंवा हिमाचलच्या सहलीत खोलीसोबत नाश्ता आणि दोन्ही वेळचे जेवण मिळते, तोच हा. परदेशात त्याला ‘फुल बोर्ड’ म्हणतात. एक जेवण कमी केले की एमएपी म्हणजे हाफ बोर्ड, नुसता नाश्ता असला की सीपी, नुसती खोली असली की ईपी. यात समजून घेण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून पुढे जातो.

घोटाळ्याचे मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘खाणेपिणे’ हा एकजीव शब्द आहे आणि ‘जेवण’ म्हटले की त्यात पाणी धरलेलेच असते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकणाऱ्या खान्देशात ताटाआधी पाण्याचा तांब्या येतो; महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी मागवली तरी पाण्याचा जग न सांगता पुढ्यात येतो आणि त्याचे पैसे कोणी लावत नाही. रिसॉर्टच्या हिशोबात मात्र खाणे हे एक खाते आणि पिणे हे दुसरे. फुल बोर्ड तुम्हाला फक्त पहिले खाते देते. त्यामुळे दुपारच्या बुफेत तुम्ही कितीही वेळा ताट भरले तरी कोणी हटकत नाही, पण टेबलावर उघडलेली पाण्याची बाटली, मुलाने मागितलेला आंब्याचा रस आणि जेवणानंतरची कॉफी यांच्या पावत्या बहुतेक ठिकाणी खोलीच्या नावावर जमा होत जातात. माझा एक मेहुणा चार दिवस निर्धास्तपणे सह्या करत राहिला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ती ‘नुसती नोंद’ होती. तो मद्याला शिवत नाही. त्याचे बिल पाणी, चहा आणि मुलांच्या सरबतांचे होते.

ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये दोन्ही खाती एकत्र येतात: पाणी, चहा-कॉफी, शीतपेये, ठरावीक मद्ये, बहुधा संध्याकाळचा फराळ, आणि कोठे कोठे स्नॉर्केलिंगचे साहित्य किंवा एखादी बोटीतली फेरीही. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टीला बोलावलेला पाहुणा पुऱ्यांचे आणि कांद्याच्या पातीचे वेगळे पैसे किती, असे विचारत नाही. तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथेही पंगतीत काय वाढायचे ते यजमानच ठरवतो. मद्याची यादी ठरलेली असते, मोजक्या उपाहारगृहांतच हा प्लॅन चालतो, लॉबस्टर किंवा तरणतलावात तरंगत येणारा तो फोटोपुरता नाश्ता सहसा वेगळा आकारला जातो. (त्या तरंगत्या नाश्त्यावर पैसे उधळणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही, भिजलेला टोस्ट हा भिजलेलाच टोस्ट असतो.) गंमत अशी, की या पद्धतीचा प्रसार ज्या क्लब मेड या फ्रेंच पर्यटन संस्थेने केला, त्या १९५० साली स्थापन झालेल्या संस्थेच्या सुट्टीसाठीच्या वसाहतींतही बारमधले पेय एके काळी गळ्यातल्या माळेचे मणी देऊन विकत घ्यावे लागे.

गोव्यात हा गोंधळ महाग पडत नाही. कळंगुट किंवा कोलव्याला रिसॉर्टच्या फाटकाबाहेर पाच मिनिटे चालले की पाण्याची बाटली छापील किमतीला मिळते आणि मासळीचे ताटही. म्हणून गोव्यात मी फक्त नाश्त्याचाच प्लॅन घेतो आणि तिन्ही जेवणांचे पैसे आधीच भरून तीन दिवस बुफेच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना समजावण्याचा नाद सोडला आहे. मालदीवची रचनाच निराळी आहे. १९७२ साली तेथे कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले, आणि पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तिथली सर्वसाधारण रीत झाली. बाहेर दुकान नाही, टपरी नाही, शेजारचे हॉटेल नाही. पिण्याचे पाणीसुद्धा बहुतेक बेटांवर समुद्राचे पाणी गोडे करूनच तयार होते. विमानतळावरून मद्याची बाटली न्यावी म्हणाल, तर मद्य देशात आणण्यास मनाई आहे आणि करमुक्त दुकानातून घेतलेली बाटली सीमाशुल्क अधिकारी ठेवून घेतात, ती परततानाच मिळते. तेव्हा जे काही प्यायचे ते रिसॉर्टच्या दराने.

हा दरही नीट वाचावा लागतो. मेन्यूवर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हे दिसली, तर पहिले सेवा शुल्काचे आणि दुसरे कराचे असते. सेवा शुल्क सहसा १० टक्के. पर्यटन क्षेत्रावरचा वस्तू व सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, आणि तो सेवा शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १० डॉलरचा रस आधी ११ होतो आणि मग १२ डॉलर ८७ सेंट. दिवसाकाठी चौघांचे असे किती पेले होतील, हे ज्याने त्याने आपल्या मुलांकडे पाहून ठरवावे.

‘ऑल’ या शब्दावर विसंबून राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विमानतळापासून बेटापर्यंतची स्पीडबोट किंवा सीप्लेन दोन्ही प्लॅनांत धरलेले असेलच असे नाही, आणि ते स्वस्त नसते. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी दररोज १२ डॉलर हरित कर आहे. दोघे चार रात्री राहिले की त्याचेच ९६ डॉलर होतात. हा कर पॅकेजात धरला आहे की नाही, हे एजंटाकडून लेखी घ्यावे.

मद्य न घेणाऱ्या कुटुंबाने ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावे का? माझ्या मते सहसा घेऊ नये, कारण त्याच्या किमतीतला मोठा वाटा बारचा असतो. त्यांनी फुल बोर्ड घ्यावे, पण जेवणाबरोबरचे पाणी त्यात आहे का आणि चहा केवळ नाश्त्यालाच मिळतो की दिवसभर, हे दोन प्रश्न ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. एकट्या दादांसाठी ऑल-इन्क्लुझिव्ह आणि वहिनींसाठी फुल बोर्ड, ही युक्ती मात्र चालत नाही. एका खोलीतल्या सर्व प्रौढांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, असा बहुतेक रिसॉर्टांचा नियम असतो. दोघांपैकी एकालाही संध्याकाळी दोन-तीन पेले लागत असतील, तर हिशोब उलटतो आणि ऑल-इन्क्लुझिव्ह स्वस्त ठरू शकते.

शेवटच्या दिवसाची वेळही विचारून घ्यावी. फुल बोर्डमध्ये जेवणे मोजलेली असतात, तर ऑल-इन्क्लुझिव्ह बहुतेक ठिकाणी घड्याळावर चालते आणि दुपारी बाराला खोली सोडली की संपते. सीप्लेन तीनला असेल, तर मधल्या तीन तासांतला चहा पुन्हा दोन अधिक चिन्हांच्या दराने येतो.