विद्यार्थ्यांच्या हातातली पर्यावरण कायद्याची संशोधनपत्रिका: पार्श्वभूमी

कायद्यावरच्या संशोधनाचं संपादन विद्यार्थ्यांनी करायचं, ही पद्धत अमेरिकेतली. तिथे 1970 च्या सुमारास फक्त पर्यावरण कायद्याला वाहिलेल्या पत्रिकाही निघाल्या. त्या काळातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. झाडांना आणि नद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क का नसावा, असा लेख कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकाने लिहिला. तेव्हा तिथल्याच मिनरल किंग खोऱ्यातल्या स्कीइंग प्रकल्पाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे होता. विद्यार्थी काढत असलेल्या एका विशेषांकाला त्याच न्यायालयाचे एक न्यायमूर्ती प्रस्तावना लिहिणार होते. लेख त्याच अंकात बसवला गेला, म्हणजे तो त्यांच्या वाचनात येणारच. एप्रिल 1972 मध्ये त्यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात त्याचा दाखला दिला. कच्च्या वाटणाऱ्या विचाराला वेळेवर जागा देणं विद्यार्थी संपादकांना जमतं, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत पाच वर्षांचं विधी शिक्षण सुरू झालं आणि ही पद्धत त्याच्या मागोमाग आली. विधी शिक्षणाच्या 2008 च्या नियमांत पर्यावरण कायदा हा सक्तीचा विषय होता. 2010 च्या कायद्याने पर्यावरणाचे खटले चालवणारा हरित लवाद आला, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसलं आणि लिहिण्याजोग्या निकालांना तोटा राहिला नाही.

या पत्रिकांपुढे खरा पेच पडला तो मान्य पत्रिकांच्या यादीमुळे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचा धंदा फोफावला होता, हे कुणी नाकारत नाही. 2017 मध्ये उच्च शिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने मान्य पत्रिकांची यादी काढली आणि 2018 च्या मे महिन्यात तिच्यातून चार हजारांहून अधिक नावं वगळली. त्याच वर्षीच्या शिक्षक नियुक्ती-बढतीच्या नियमांत ‘तज्ज्ञांनी तपासलेली किंवा यादीतली’ पत्रिका चालेल, अशी सोय होती. 2019 मध्ये नवी यादी आली, आणि शैक्षणिक कामासाठी यापुढे तिच्यातलेच लेख धरावेत, अशी सूचनाही निघाली. नियमातला ‘किंवा’ व्यवहारात संपला.

सुक्याबरोबर ओलंही जळालं ते इथे. यादीत यायचं तर अंक नियमित निघायला हवे होते आणि संपादक मंडळात स्थिर, अनुभवी नावं हवी होती. विद्यार्थ्यांचं मंडळ तर दरवर्षी बदलतं. शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर पडतात आणि परीक्षांच्या दिवसांत अंक लांबतो. यादीबाहेरच्या पत्रिकेत लिहून बढतीचे गुण मिळणार नव्हते, मग अनुभवी प्राध्यापक तिकडे कशाला लेख पाठवणार? विद्यार्थी एकेक तळटीप मूळ निकालाशी ताडून पाहतात. त्या मेहनतीला निकषांत जागा नव्हती. धंदेवाईक पत्रिकांसाठी काढलेल्या औषधाची मात्रा या पत्रिकांना सोसणारी नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गरज नेमकी याच वर्षांत वाढली. 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, अधिसूचनेचा मसुदा आला तो इंग्रजीत आणि हिंदीत. इतर भाषांत भाषांतर करा आणि हरकतींची मुदत वाढवा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. लाखो हरकती गेल्या. त्या लिहिणाऱ्यांत आणि लोकांना समजावून सांगणाऱ्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. जनसुनावणी मराठीत आणि तिच्यावरचा लेख इंग्रजीत, ही दरी मात्र विद्यार्थ्यांच्या पत्रिकांनाही बुजवता आलेली नाही. मार्च 2024 मध्ये माळढोकाच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. मे 2025 मध्ये, प्रकल्प सुरू झाल्यावर मागून दिली जाणारी पर्यावरण मंजुरी त्याच न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. वर्षाला एक अंक काढणाऱ्यांनी मे महिन्याच्या निकालावरचे लेख छापायला घेतले असतील, तर ते पुन्हा लिहून घेण्याची पाळी आली असणार.

यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता पत्रिकेची पारख त्या त्या विद्यापीठाने करायची आहे आणि त्यासाठी मार्गदर्शक निकष दिलेले आहेत. लेख कुणी तपासला, किती फेऱ्यांत तपासला, नाकारला तर का, हे विद्यार्थी संपादकांनी उघडपणे नोंदवून ठेवलं, तर विद्यापीठांपुढे ठेवायला त्यांच्याकडे प्रथमच काहीतरी ठोस असेल.