प्रिंटर मुका का झाला?

माझ्या भाच्याचं सेलूला सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, श्रावणबाळचे पैसे, सगळं दहा बाय दहाच्या एका गाळ्यात चालतं. डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळीच त्याचा फोन आला. "मामा, तुमच्या लिनक्सनं घात केला. प्रिंटर मुका झालाय, अंगठ्याचं मशीन आंधळं झालंय आणि बाहेर हरभऱ्याच्या विम्याची रांग लागलीय."

घात खरं तर मी केला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. भाच्याचा संगणक चौथ्या पिढीचा. धडधाकट यंत्र भंगारात घालणं जिवावर आलं, म्हणून आदल्या रविवारी मी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ आज्ञावली, टाकून दिली. पडदा लागला, वायफाय लागलं, आवाज आला. प्रिंटर मात्र मी लावूनच पाहिला नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरतं चालवून, काहीही न पुसता, प्रत्येक वस्तू तपासता येते. दुसऱ्यांना हे मी दहादा सांगितलंय.

संगणकाला प्रिंटर म्हणजे काय हे मुळात ठाऊकच नसतं. यूएसबीची वायर खोचली की ओळख होते ती आकड्यांत. मी अमक्या क्रमांकाच्या कंपनीचा, तमक्या क्रमांकाचा नमुना. असे क्रमांक कंपन्यांना वाटून दिलेले असतात. (संगणकाच्या पेटीतल्या भागांसाठी इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, तिच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नावही तेच. हौस, दुसरं काय!) तो आकडा पाहून ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःकडच्या यादीत शोधते, याच्याशी बोलणारा आपल्याकडे कुणी आहे का. तो बोलणारा म्हणजे ड्रायव्हर. उदगीरच्या मोंढ्यात मराठी शेतकरी आणि कानडी व्यापारी यांच्यामध्ये दोन्हीकडचं बोलणारा मुनीम असावा, तसा. मुनीम आला नाही तर माल चोख आणि गिऱ्हाईक खरं असूनही सौदा होत नाही.

विंडोज चांगलं, मॅक चांगलं की लिनक्स, यावर पोरं तासन् तास भांडतात. मला विचाराल तर निम्मं भांडण एवढंच आहे की मुनिमाचा पगार कोण देतो. विंडोजसाठी तो बहुतेक वेळा वस्तू बनवणारी कंपनी देते. डेस्कटॉपवर विंडोजच जास्त, त्यामुळे नवी वस्तू बाजारात आली की विंडोजचा ड्रायव्हर सोबत असतोच. पण वस्तू जुनी झाली की कंपनीचं लक्ष उडतं. ३२ बिटांच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या, विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचंच आहे. मॅकचं सोपं आहे. संगणकही ॲपलचा, सिस्टिमही ॲपलची, भाग मोजके. आमच्या तालुक्याच्या गावात तो दिसत नाही, म्हणून पुढे जाऊ.

लिनक्सचा संसार वेगळा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, सोबतच येतात. कर्नलचा निम्म्याहून जास्त मजकूर ड्रायव्हरांचाच आहे. काही कंपन्यांचे इंजिनिअर लिहितात, काही हौशी माणसं. कंपनीनं आपल्या वस्तूची भाषा सांगितलीच नाही, तर हे लोक वायरीतून जाणारे संदेश टिपून ती उलगडतात. एकदा ड्रायव्हर आत आला की सहसा वर्षानुवर्षं टिकतो. भाच्याकडे ६४ बिटांचं विंडोज आल्यापासून माळ्यावर पडलेला एक स्कॅनर होता. लिनक्सवर तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. गंमत म्हणजे त्यानं तो आधी कोळिष्टकांसकट लावला होता.

मग प्रिंटरनंच का दगा द्यावा? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९८५ साली ॲपलनं लेझररायटर नावाचा प्रिंटर आणला. त्यातला प्रोसेसर तेव्हाच्या मॅकिंटॉशपेक्षाही वेगवान होता आणि किंमत जवळपास ७,००० डॉलर. संगणक फक्त सांगायचा, इथे या आकाराचं अक्षर, इथे एक रेघ. पान रंगवायचं डोकं प्रिंटरचं. पुढे संगणक वेगवान झाले आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की प्रिंटरमध्ये वेगळं डोकं कशाला हवं? ते काढून टाकलं, प्रिंटर स्वस्त झाला. ए-फोर पानावर इंचाला ६०० ठिपके धरले तर सुमारे ३.५ कोटी ठिपके होतात. त्यातला कोणता काळा, कोणता पांढरा, हे आता संगणक ठरवतो आणि कंपनीनं स्वतःपुरत्या ठरवलेल्या भाषेत आवळून पाठवतो. म्हणजे ड्रायव्हर नसला की असा प्रिंटर नुसता रूळ आणि शाई असलेलं खोकं उरतो.

काही नमुन्यांत तर काटकसरीची कमाल आहे. प्रिंटर चालवणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, त्याच्या पोटात कायमची नसतेच. बटण दाबलं की तो कोरा असतो आणि दर वेळी संगणकानं ती पाठवायची असते. आमचा त्यातलाच निघाला. फोनवरून मी भाच्याला 'एलएसयूएसबी' ही, यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवणारी, आज्ञा टाइप करायला लावली. यादीत प्रिंटरचं नाव दिसलं, म्हणजे वायर ठीक होती. ड्रायव्हरही होता. नव्हती ती फर्मवेअरची फाइल, कारण तिच्या परवान्यामुळे लिनक्ससोबत ती वाटता येत नाही. ती वेगळी उतरवून घेतली, प्रिंटर बंद करून चालू केला. खर्र करून रूळ फिरले. "मामा, बोलला बोलला!"

प्रिंटरच्या ड्रायव्हरनं इतिहासही घडवलाय. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरना कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढी सुधारणा झेरॉक्सच्या प्रिंटरात करायची होती. त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर त्यांना नाकारला गेला. ती चीड मनात राहिली आणि १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. नव्या बऱ्याच प्रिंटरांना आता वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ते एका सामाईक भाषेत बोलतात. घेताना तेवढं विचारून घ्यावं.

विंडोजवरही अशी वेळ येतेच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली की गुणधर्मांत जाऊन हार्डवेअरचा क्रमांक पाहावा आणि त्यावरून कंपनीच्याच संकेतस्थळावर ड्रायव्हर शोधावा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रामांना दारातही उभं करू नये. कारण बऱ्याच ड्रायव्हरांना थेट गाभ्यात प्रवेश असतो, तिजोरीच्या खोलीत बसणाऱ्या मुनिमासारखा. तो कोसळला की सगळी पेढी कोसळते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अशाच गाभ्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरला एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

राहिलं अंगठ्याचं मशीन. तिथे हौशी माणसांचीही मात्रा चालत नाही, आणि चालू नये हेच बरं. आधारच्या नियमानुसार अंगठ्याची प्रतिमा सही करून, कुलूपबंद करूनच बाहेर जाते. ते करणारी 'आरडी सर्व्हिस' मान्यता मिळालेली कंपनीच देऊ शकते. आमच्या मशीनच्या कंपनीनं ती दिली होती विंडोज आणि अँड्रॉइडसाठी, बस. भाचा म्हणाला, "मग आता काय करावं?" मी म्हटलं, ओटीजी वायर आहे का, मोबाइलला यूएसबीची वस्तू जोडायची? मशीन त्याच्या मोबाइलला लावलं. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच, हे त्या घाईत मी त्याला सांगत बसलो नाही.

फोन चालूच होता. "आजी, पदराला पुसा अंगठा. हां, आता टेकवा. दाबू नका." मग थोडा वेळ नुसती रांगेची कुजबुज.

"लागला का रे?"

"लागला, आजी."