टॅब मारला की कर्सर कुठं जातो?

एका पतसंस्थेसाठी मी खातं उघडण्याचा फॉर्म तयार केला होता. तो सुरू होऊन महिना झाल्यावर एकदा काउंटरमागे जाऊन नुसता बघत बसलो. तिथल्या ताई नाव टाइप करत, टॅब मारत, पत्ता भरत. पत्ता संपला की त्यांचा उजवा हात उचलला जाई, माउस धरी, मोबाइल नंबरच्या चौकटीत क्लिक करी आणि परत कीबोर्डवर येई. प्रत्येक फॉर्मला हेच. विचारलं तर म्हणाल्या, “सर, पत्त्यानंतर टॅब मारला की डायरेक्ट ‘जतन करा’वर जातं. मोबाइल त्याच्यानंतर येतो.”

चूक माझी होती, आणि त्यांनी ती महिनाभर हाताने भरून काढली होती.

ही हाताची ये-जा मोजता येते. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये माणसाच्या संगणकावरच्या कामाचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला सरासरी वेळ दिला. हात कीबोर्डवरून माउसवर नेणं ०.४ सेकंद, बाण हव्या त्या जागी नेणं १.१ सेकंद, एक कळ दाबणं सरावलेल्या माणसाला साधारण ०.२ सेकंद. क्लिक आणि परतीचा प्रवास धरून माउसने एका चौकटीत जायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, टॅबने ०.२. बारा चौकटींच्या फॉर्ममध्ये हा फरक वीस सेकंदांच्या वर जातो. वेळेपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: प्रत्येक वेळी नजर कागदावरून उठते आणि ओळ हरवते.

माझी चूक कशी झाली हे समजायला आधी ‘फोकस’ समजून घ्यावा लागतो. माउसचा क्लिक आपला पत्ता सोबत घेऊनच येतो, पडद्यावर इतकं आडवं, इतकं उभं. कळ दाबली तर तिच्यासोबत पत्ता नसतो. ‘क’ दाबला, पण तो नावात लिहायचा की गावात? म्हणून प्रोग्रॅमला सतत एक नोंद ठेवावी लागते की या क्षणी कळा कोणाला मिळणार. तो मान म्हणजे फोकस. तो एका वेळी एकाच चौकटीकडे किंवा बटणाकडे असतो, आणि टॅब तो पुढच्याकडे सोपवते, शिफ्ट-टॅब मागच्याकडे.

‘पुढचा’ कोण, हे पडद्यावरच्या जागेवरून ठरत नाही. विंडोजच्या फॉर्ममध्ये ज्या क्रमाने चौकटी तयार झाल्या तोच टॅबचा क्रम, तुम्ही मुद्दाम बदलेपर्यंत. मोबाइलची चौकट संस्थेने नंतर मागितली. मी ती पत्त्याखाली नीट बसवली, पण तिचा क्रमांक लागला सगळ्यांच्या शेवटी, ‘जतन करा’च्याही मागे. माउसने तपासताना हे कधीच दिसत नाही.

पर्यायांच्या गोल खुणांचा नियम वेगळा असतो. बचत, चालू, आवर्त असे तीन पर्याय असतील तर टॅबने त्या गटात एकदाच शिरायचं आणि आत बाणाच्या कळांनी फिरायचं. नाहीतर वीस पर्याय ओलांडायला वीस टॅब.

एंटरचा घोळ तर आपल्याकडे हमखास होतो. ज्यांचा हात टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर किंवा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर बसला आहे, त्यांच्यासाठी एंटर म्हणजे ‘पुढची चौकट’. विंडोजच्या फॉर्ममध्ये एंटर म्हणजे मुख्य बटण दाबणं. नाव लिहून सवयीने एंटर मारला की अर्धा फॉर्म जतन व्हायला निघतो. कोणता अर्थ घ्यायचा हे आधी वापरणाऱ्यांना विचारावं. ताईंच्या काउंटरवर मी टॅलीचा अर्थ घेतला.

मेनूंची गोष्ट अक्षराखालच्या रेघेत आहे. ऑल्ट दाबून रेघेचं अक्षर दाबलं की तो मेनू उघडतो. प्रोग्रॅममध्ये त्या अक्षराआधी ‘&’ हे चिन्ह लिहिलं की झालं. विंडोज २००० पासून ही रेघ ऑल्ट दाबेपर्यंत लपवायला सुरुवात झाली, आणि त्यामुळे अनेकांना ती सोय आहे हेच कळेनासं झालं. मला तो निर्णय आजही पटत नाही.

मराठी मेनूत हे आणखी अवघड होतं. ‘फाइल’मधला ‘फ’ इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर शिफ्ट धरून येतो, आणि ऑल्ट-शिफ्ट ही तर विंडोजमध्ये भाषा बदलण्याची जुनी जोडी. शिवाय कीबोर्ड त्या क्षणी इंग्रजीवर असेल तर ‘फ’ येणारच नाही. जपानी मेनूंनी यावर साधा उपाय केला: नाव जपानीत, पुढे कंसात एक रोमन अक्षर, रेघ त्याच्याखाली. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी तर कीबोर्डशिवाय दुसरी वाटच नसते. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत वाचक प्रोग्रॅम मराठीतही बोलतो. फोकस जिथं जाईल त्या चौकटीचं नाव आणि प्रकार तो वाचून दाखवतो. पण ‘मोबाइल’ हा शब्द पडद्यावर चौकटीशेजारी दिसतो म्हणून तो तिचाच, हे त्याला आपोआप कळत नाही. साध्या विंडोज फॉर्ममध्ये तो क्रमाने आधी आलेलं लेबल त्या चौकटीचं नाव धरतो. क्रम चुकला की नावही चुकतं, आणि ऐकणारा माणूस गावाच्या जागी नंबर भरून बसतो.

मोबाइलचा क्रमांक मी तिथंच बसून बदलला. ताईंनी दोन खाती भरून पाहिली आणि आणखी एक गोष्ट सांगितली: जतन झाल्यावर कर्सर बटणावरच राहतो, पुढच्या माणसासाठी पुन्हा माउस लागतो. आता जतन झालं की फोकस थेट नावाच्या चौकटीत जातो, आणि मोबाइलचा आकडा नऊच अंकी असेल तर सूचना बंद केल्यावर मोबाइलच्याच चौकटीत परत येतो.