उन्हाला नवखं पान

गेल्या मार्चमध्ये हॉलमधला रबर प्लांट मी मायेपोटी उचलून गच्चीवर ठेवला. वर्षभर कोपऱ्यात उभा होता, म्हटलं, जरा ऊन मिळू दे. दोन दिवसांत वरची पानं भाजली. पांढुरके, कागदासारखे कोरडे डाग. एका पानावर डागाची कड अगदी रेखीव होती: दुपारी जिथे दुसऱ्या पानाची सावली पडायची तेवढा भाग हिरवागार, बाकीचा करपलेला.

मेघालयात याच झाडाच्या मुळांपासून खासी लोक जिवंत पूल घडवतात. तिथे त्याचे उघड्यावर मोठे वृक्ष होतात. मग माझ्या कुंडीतलं झाड का भाजलं?

दोष जातीचा नाही, पानाच्या घडणीचा आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात जेमतेम काही शे. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून आपल्याला घरात ‘भरपूर उजेड’ वाटतो. तेवढ्याशा उजेडात उमललेलं पान पातळ असतं, त्यावरचा मेणाचा थरही कमी असतो. मिळेल तो प्रकाश टिपून घ्यायचा, एवढ्यासाठीच ते घडलेलं असतं. अचानक ऊन आलं की पचेल त्याहून जास्त ऊर्जा आत शिरते, त्यातून तयार झालेले ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू पेशी जाळतात आणि हरितद्रव्य नष्ट होतं.

पान अगदीच हतबल नसतं. ऊन वाढलं की हरितकण पेशीच्या बाजूच्या भिंतींकडे सरकतात आणि एकमेकांच्या आडोशाला जातात. काही पिवळी रंगद्रव्यं जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतात. ऊन रोज थोडं थोडं वाढवलं, तर हा बचाव काही दिवसांत बळकट होतो. पण उमललेल्या पानाची जाडी आणि आतली रचना सहसा बदलत नाही. म्हणून हार्डनिंगचा, म्हणजे झाडाला बाहेरच्या उन्हा-वाऱ्याची हळूहळू सवय लावण्याचा, खरा अर्थ मला असा वाटतो: जुनी पानं तगवून धरायची, तोवर उन्हासाठी घडलेली नवी पानं येऊ द्यायची.

जळगावकडच्या केळी उत्पादकांना हे नव्याने सांगायला नको. टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून वाढवलेलं रोप बाटलीतल्या दमट हवेत, आयत्या साखरेवर वाढतं. त्याची पर्णरंध्रंही नीट मिटत नाहीत. बाटलीतून थेट शेतात लावलं तर ते तासाभरात माना टाकेल. म्हणून आधी हरितगृहातली दमट हवा, मग शेडनेटची सावली, असे काही आठवडे काढून मगच ते लागवडीला येतं.

घरी इतका खटाटोप लागत नाही. मार्च ते मे टाळा. आठवडाभर कुंडी बाहेर, पण पूर्ण सावलीत ठेवा, म्हणजे वाऱ्याची सवय होते. वाऱ्याने हलणारं खोड जाडही होतं. मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, दर दोन-तीन दिवसांनी थोडं जास्त. पाण्याकडे रोज लक्ष हवं, बाहेर कुंडी फार लवकर सुकते. आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवू नका, मुळं शिजतात. जून-जुलैचं ढगाळ आभाळ तर आयतं शेडनेटच.

माझं झाड मी परत सावलीत आणलं आणि पावसाळ्यात पुन्हा पायरीपायरीने बाहेर नेलं. भाजलेली पानं एकेक करून गळली. ऑगस्टमध्ये शेंड्याचं लालसर वेष्टन सुटलं आणि नवं पान उलगडलं. आधीच्या पानांपेक्षा लहान, पण चिमटीत धरलं तर चामड्यासारखं जाड.